एक आज्ञा, अनेक आचार



धर्म कोठे टिकून राहतो, असे विचारल्यास आपण मंदिराकडे व ग्रंथाकडे बोट दाखवितो. यहुदी समाजाच्या इतिहासात स्वयंपाकघराचे स्थानही तितकेच मोठे आहे.

ज्याचे खूर दुभंगलेले असून जो रवंथ करतो, तोच चतुष्पाद पशू त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे भक्ष्य होय. मासळीला पर व खवले हवेत. रक्त सर्वथा निषिद्ध. म्हणून वधासाठी निर्दोष धारेची सुरी आणि नंतर मांस भिजवून मिठात ठेवण्याचा विधी. करडू आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तीनदा आली आहे. तीवरून मांस व दूध एकत्र न खाण्याचा नियम निघाला.

आज्ञा एकच, परंतु आचार देशोदेशी भिन्न. योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरुख' हा आचारग्रंथ 1565 मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. क्राकोचे मोशे इस्सेर्लिस यांनी त्याला आपल्याकडील रूढींची टिपणे जोडली. पशूच्या फुप्फुसाला चिकटलेले पापुद्रे आढळल्यास कारो कठोर. इस्सेर्लिस मात्र काही पापुद्रे हलक्या हाताने सोडवून परीक्षा करू देतात. मांसाशनानंतर दूध घेण्यापूर्वी कित्येक सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, डच परंपरेत एकच.

कोकणातील बेने इस्राएल समाजापाशी शतकानुशतके असे ग्रंथ नव्हते. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे मराठीभाषी लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. त्यांची परंपरा सांगते की, दावीद राहाबी या यहुदी पाहुण्याने त्यांच्या स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले नसलेली मासळी वेगळी काढली, तेव्हा हे आपलेच बांधव, अशी त्याची खात्री पटली. त्यांच्या मांसाच्या कालवणात दह्यादुधाऐवजी नारळाचा रस पडतो, हेही त्याच आज्ञेचे कोकणी रूप.

पुढे हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. तेथे 1962 मध्ये धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यांनी नेटाने निदर्शने केली आणि ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. राहाबीने जे मासळीच्या टोपलीपाशी ओळखले, ते ओळखण्यास धर्मपीठाला इतका विलंब लागावा, याचा विचार प्रत्येक समाजाने करावा. आचार भिन्न असला म्हणून निष्ठा उणी ठरत नाही.