दोन शब्दांमधील अंतर

आष्टा आणि आष्टी या दोन नावांत फरक केवळ एका स्वराचा. पण आपले आष्टा सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात, तर ज्या आष्टीच्या रणांगणावर २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, ती सोलापूर जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्याआधीचे कागद साताऱ्याच्या नावाने शोधावे लागतात, आणि शोधताना हा एक स्वर जपावा लागतो.

शब्द प्रवासात झिजतात. हत्याराला झिलई देणारा तो फारसीत 'सैकलगर'. आपल्या भागात तोच 'शिकलगार' झाला. स चा श, ऐ ची इ आणि शेवटच्या अ चा आ, असे तीन उच्चार बदलले. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तो अशाच नात्यागोत्यांचा शोध होय.

हा बदल मोजण्याची रीत मात्र भाषापंडिताकडून नव्हे, गणितज्ञाकडून आली. तारेने संदेश पाठवताना एखादे चिन्ह गळते, जादा येते किंवा बदलते. मॉस्कोच्या व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये या तीन दोषांचा विचार मांडला. एका शब्दाचा दुसरा करण्यास कमीत कमी किती चिन्हे घालावी, काढावी वा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या शब्दांमधील अंतर. १९७४ मध्ये वॅग्नर व फिशर यांनी ते काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एक शब्द आडवा, एक उभा मांडून चौकटी आखाव्यात. प्रत्येक घरात तिथवरच्या अक्षरांसाठी लागणारे कमीत कमी बदल लिहावेत. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात उत्तर मिळते. पाटी-पेन्सिलीने जमण्याजोगे काम आहे!

आता आपल्या घरातील उदाहरण घेऊ. 'महंमद' आणि 'मोहम्मद' हे एकच नाव. जोडाक्षर व मात्रेसह एकेक अक्षर धरून मोजले तर चारांपैकी तीन अक्षरे बदलतात. उलट हसन आणि हुसेन हे दोघे भाऊ, दोन निराळ्या व्यक्ती. त्यांच्यात मात्र दोनच अक्षरांचे अंतर. हिशेब उलटा झाला. तोच उच्चार सुटे करून मोजला, तर महंमद-मोहम्मद यांत एकच अंतर उरते आणि हसन-हुसेन यांत दोनच राहते. म्हणजे आधी काय मोजायचे हे ठरवले पाहिजे. उर्दूत हे नाव मीम, हे, मीम, दाल या चार अक्षरांत लिहितात. ऱ्हस्व स्वर एरवी लिहीतच नाहीत, म्हणून तेथे हा घोळ नाही. तो नागरीत आणि इंग्रजीत उतरवताना होतो.

याची झळ विद्यार्थ्याला बसते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका रूपात, गुणपत्रिकेवर दुसऱ्या रूपात. मग प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. वडील म्हणतात, "साहेब, माणूस तर मीच आहे." आज संगणक जवळची नावे क्षणात शोधून देतो. पण अमीन आणि अमीना यांतही अंतर एकच आहे. यंत्र अशा जोड्या समोर ठेवील. त्यांपैकी एकच मूल कोणते आणि सख्खी भावंडे कोणती, हे पालकांना विचारूनच रजिस्टरात लिहावे लागते.