शिकारी सरदार आणि त्याचे नावाडी

आजचे चित्र एका शिकारीचे आहे. व्हेनिसचा चित्रकार पिएत्रो लोंगी याने ते १७६० च्या सुमारास रंगविले. खाडीच्या उथळ पाण्यात हलकी होडी आहे. सरदार धनुष्य ताणून पाणपाखरावर नेम धरतो आहे आणि नावाडी होडी सांभाळीत आहेत. विषय एवढाच.

अठराव्या शतकात बंदूक नव्हती काय, असे कोणी विचारील. होती. पण या धनुष्यातून बाण सुटत नाही, मातीची गोळी सुटते. पक्षी घेरी येऊन पडतो, पिसे शाबूत राहतात. आपल्याकडची गलोलसुद्धा मूळची अशीच, धनुष्याची. कार्पाच्चोने १४९० च्या सुमारास हाच खेळ रंगविला होता. म्हणजे पावणेतीनशे वर्षे हा छंद टिकला.

पाखराला राजकारणातही मान होता. डोज, म्हणजे व्हेनिसचा निर्वाचित प्रमुख, दर नाताळाला महासभेच्या सरदारांना खाडीची पाखरे भेट धाडी. १५२१ पासून त्याऐवजी चांदीचे नाणे देऊ लागले. त्याचे नाव ‘ओसेला’, म्हणजे पाखरूच! महासभा मात्र १२९७ पासून ठरावीक घराण्यांचीच मिरास झाली होती.

लोंगी हा चांदीकाम करणाऱ्याचा मुलगा. १७३४ साली साग्रेदोंच्या वाड्यात त्याने राक्षसांच्या पतनाची भव्य भित्तिचित्रे काढली. ती साधली नाहीत. मग तो लहान चित्रांकडे वळला. दात उपटणारा वैदू, नृत्याचा तास, १७५१ साली जत्रेत आलेला गेंडा. त्याने धन्यांना कधी दुखविले नाही, असा त्याच्यावर आक्षेप आहे. तो खराही आहे; त्याचे पोट त्यांच्यावर होते.

पण या चित्रातले नावाडी पाहा. त्यांचे चेहरे एका साच्यातले नाहीत; ही ओळखीची, उन्हात रापलेली माणसे आहेत. व्हेनिसचा नावाडी उभ्याने, पुढे तोंड करून वल्हवतो. नेम धरणाऱ्याच्या पायाखालची फळी डगमगू न देणे, गाळ कोठे आणि खोल पाणी कोठे हे ओळखणे, ही सारी कामगिरी त्याची. आम्ही संघटनेची माणसे अशा जागी आधी हजेरीपट शोधतो. तो चित्रात नाही. चेहरे तेवढे आहेत. राजवाड्यातल्या राक्षसांना जे वजन लोंगीला देता आले नाही, ते त्याने या वल्हेकऱ्यांना दिले, असे मला वाटते.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या धाकाने महासभेने स्वतःलाच विसर्जित केले. सरदारकी गेली, वाडे राहिले.

हे चित्र आज व्हेनिसच्या क्वेरिनी स्ताम्पालिया संस्थेत आहे. त्या घराण्याचा शेवटचा वारस, काउंट जोव्हान्नी, १८६९ मध्ये वारला. त्याने वाडा, ग्रंथ, चित्रे सर्वांसाठी ठेवली आणि मृत्युपत्रात अट घातली, की इतर ग्रंथालये बंद असतील त्या वेळी, विशेषतः संध्याकाळी, इथले वाचनालय उघडे असावे. दिवसभर वल्हे मारणाऱ्याला वाचायला सवड तेव्हाच मिळते.