हक्सली, टॉमस हेन्री

हक्सली, टॉमस हेन्री : (४ मे १८२५–२९ जून १८९५). इंग्रज जीववैज्ञानिक, शारीरविज्ञ व पुराजीववैज्ञानिक. चार्ल्स डार्विन यांच्या क्रमविकास सिद्धांताचे खंदे पुरस्कर्ते. ‘डार्विनचा बुलडॉग’ या बिरुदाने ओळखले जातात. बालाघाट–नागपूर–चांदा हा टापू ज्या जुन्या गोंडवनात मोडतो, त्याच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या खडकांतील पृष्ठवंशी जीवाश्मांच्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन : जन्म लंडनजवळच्या ईलिंग येथे. वडील शाळामास्तर असूनही हक्सलींचे शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षे झाले. जर्मन भाषा आणि बरेचसे विज्ञान ते स्वतःच शिकले. चेरिंग क्रॉस रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास करीत असताना १८४५ मध्ये त्यांनी केसाच्या मुळाभोवतालच्या आवरणातील एक थर शोधला. तो आजही ‘हक्सलीचा थर’ म्हणून ओळखला जातो. १८४६–५० या काळात ‘रॅटलस्नेक’ जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून ते ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या सागरात होते. जेलीफिश व तत्सम प्राण्यांचे शरीर मूलतः दोन पटलांचे असते, हे त्यांनी या सफरीत दाखवून दिले. १८५१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८५४ मध्ये लंडनच्या खाणविद्या विद्यालयात निसर्गेतिहासाचे अध्यापकपद, १८८३–८५ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद. ईस्टबोर्न येथे निधन.

क्रमविकासाचा पुरस्कार : डार्विन यांचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हक्सलींनी ‘टाइम्स’मध्ये त्याचे अनुकूल परीक्षण लिहिले. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स यांच्याशी त्यांची खडाजंगी झाली. या प्रसंगाचा शब्दशः वृत्तांत त्यावेळी कोणी टिपून ठेवला नसल्याने त्यातील प्रसिद्ध वाक्ये कितपत खरी मानावीत, याविषयी मतभेद आहेत. मानवी मेंदूतील हिप्पोकँपस मायनर हा भाग वानरांत नसतो, हे रिचर्ड ओएन यांचे म्हणणे त्यांनी विच्छेदनाच्या आधारे खोडून काढले आणि १८६३ च्या ग्रंथात माणसाला वानरांच्या शेजारी बसवले. नैसर्गिक निवड ही क्रमविकासाची पुरेशी यंत्रणा आहे, असे मात्र त्यांनी कधी निःशंकपणे मान्य केले नाही. निवडीने नवी जाती घडल्याचे, म्हणजे संकर वांझ निघेल इतका दुरावा आल्याचे, प्रयोगाने दाखवा, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला.

गोंडवनी जीवाश्म : नागपूरचे मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी मध्य भारतातील जीवाश्म जमवून इंग्लंडला धाडण्याचा पायंडा पाडला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेली उभयचर प्राण्याची चपटी कवटी ओएन यांच्या हाती गेली व त्यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले. नंतरचे महत्त्वाचे नमुने हक्सलींकडे आले. राणीगंजजवळच्या पंचेत खडकांतील हाडांवरील त्यांचा अहवाल १८६५ मध्ये ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या मालेत निघाला. त्यातील डायसायनोडॉन गटाचा प्राणी तोवर प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतून माहीत होता. त्यामुळे मधल्या महासागराला ओलांडून दोन्ही भूमींच्या खडकांचा मेळ बसू लागला.

प्राणहितेच्या खोऱ्यातील मालेरी (सध्या तेलंगणात) येथील अवशेष याहून बोलके ठरले. हक्सलींनी १८५९ मध्ये स्कॉटलंडमधील एल्गिनच्या वालुकाश्मातील एका सरीसृपाला ‘हायपरोडापेडॉन’ असे नाव दिले होते. टाळूवर दोन्ही बाजूंना बुटक्या दातांच्या रांगा, त्यांच्यामधून गेलेली खाच आणि त्या खाचेत अडकित्त्याच्या पात्यासारखी बसणारी खालच्या जबड्याची धार, अशी त्याच्या तोंडाची रचना. १८६९ च्या निबंधात मालेरीचे नमुनेही त्यांनी याच वंशात घातले. एल्गिनचा वालुकाश्म डेव्होनियन नसून ट्रायासिक आहे, या निष्कर्षाला त्यामुळे बळ मिळाले. रिचर्ड लिडेकर यांनी भारतीय जातीला हक्सलींचे नाव दिले. विसाव्या शतकात शंकर चटर्जी यांनी तिचे सविस्तर वर्णन ‘पॅराडापेडॉन’ या नावाने केले. अलीकडे ती पुन्हा मूळ वंशात धरतात. मालेरीतूनच निघालेल्या फुप्फुसमाशाच्या दातांना टॉमस ओल्डहॅम यांनी हिस्लॉप यांच्यावरून ‘सेरॅटोडस हिस्लोपियानस’ म्हटले होते. या गटातला जिवंत मासा १८७० मध्ये ऑस्ट्रेलियात आढळल्यावर त्याच्या शरीररचनेवर हक्सलींनी १८७६ मध्ये निबंध लिहिला. ‘गोंडवना’ ही भूवैज्ञानिक संज्ञा मेडलिकॉट यांची (१८७२). ती छापील स्वरूपात फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये आणली.



पक्षी व डायनोसॉर : दोहोंचे नाते हक्सलींनी १८६८ पासून मांडले. ते बराच काळ मागे पडले व १९७० नंतर पुन्हा स्वीकारले गेले.

मानववंशविषयक लेखन : १८७० च्या निबंधात त्यांनी दख्खनच्या अंतर्भागातील डोंगरी जमातींना ‘ऑस्ट्रलॉइड’ गटात टाकले. गोंड, बैगा आदी समाजांविषयीच्या पुढील लिखाणात आणि १९३१ च्या जनगणनेसाठी बी. एस. गुहा यांनी केलेल्या वर्गीकरणात या कल्पनेचे पडसाद दिसतात. असे वंशगट आता शास्त्रीय मानले जात नाहीत.

इतर कार्य : सागरतळाच्या चिखलात ‘बॅथिबियस’ हा आद्य जीव सापडल्याचे त्यांनी १८६८ मध्ये जाहीर केले. तो रासायनिक साका असल्याचे दिसताच १८७५ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. १८८१ मध्ये भारतीय प्राण्यांवर ग्रंथमाला काढावी, असा अर्ज भारतमंत्र्यांकडे गेला. त्यावर डार्विन व हूकर यांच्याबरोबर हक्सलींचीही सही होती. त्यातून डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांच्या संपादनाखाली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही माला सुरू झाली. कान्हा–बैहरच्या रानांतील बारशिंग्यासह भारतीय सस्तन प्राण्यांची नोंद करणारा तिचा खंड १८८८–९१ मध्ये निघाला. लंडन शिक्षणमंडळाचे सदस्य (१८७०–७२). अज्ञेयवादाला इंग्रजीत रूढ असलेले नाव त्यांनीच १८६९ मध्ये दिले. १८९३ च्या व्याख्यानात, निसर्गातील झुंज हा नीतीचा आधार होऊ शकत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले.

वारसा : नातवंडांपैकी जूलियन (युनेस्कोचे पहिले महासंचालक), कादंबरीकार ऑल्डस व नोबेल पारितोषिक विजेते अँड्रू (१९६३) प्रसिद्ध आहेत.