महाभूते, कलाप आणि पदार्थाच्या अवस्था : एक ऐतिहासिक विचार

धम्मविषयक व्याख्यानांतून व पुस्तिकांतून अलीकडे एक विधान वारंवार आढळते. भगवान बुद्धांनी सांगितलेली पठवी, आपो, तेजो व वायो ही चार महाभूते म्हणजेच आधुनिक विज्ञानातील स्थायू, द्रव, ऊर्जा व वायू होत, आणि अट्ठकथांतील 'रूपकलाप' म्हणजेच आजचा अणू होय, असे ते विधान. ते करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु श्रद्धा आणि इतिहास यांच्या कसोट्या भिन्न आहेत. म्हणून पालि व संस्कृत बौद्ध परंपरेने जडपदार्थाचा विचार कोणत्या क्रमाने व कोणत्या हेतूने केला, आणि तो आजच्या भौतिकशास्त्राशी कोठे जुळतो व कोठे जुळत नाही, हे प्रस्तुत लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम सुत्तपिटक पाहू. मज्झिमनिकायातील महाहत्थिपदोपम सुत्तात स्थविर सारिपुत्त भिक्खूंना महाभूतांचे विवेचन करून सांगतात. केस, नखे, दात, हाडे ही शरीरांतर्गत पठवीधातू. रक्त, घाम, अश्रू ही आपोधातू. अन्न पचविणारी उष्णता ही तेजोधातू. श्वास-उच्छ्वास ही वायोधातू. शरीराबाहेरील धातू याच जातीच्या आहेत आणि त्या अनित्य आहेत. समुद्राचेही पाणी एके काळी आटते, उन्हाळ्याच्या अखेरीस लोक पंख्याने वारा शोधू लागतात. मग या अल्पजीवी देहाविषयी 'मी' आणि 'माझे' म्हणण्यास आधार तो कोणता? सुत्ताचा रोख असा आहे. येथे पदार्थ कशाचा बनला हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेलाच नाही. प्रश्न तृष्णेचा व दुःखाचा आहे आणि धातूंचे विश्लेषण हे त्यावरील औषध आहे.

अभिधम्मात या विचाराला निराळे वळण मिळाले. धम्मसंगणीच्या रूपकांडात आणि पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात रचलेल्या विसुद्धिमग्गात महाभूते लक्षणांच्या रूपाने मांडलेली आहेत. पठवी म्हणजे माती नव्हे, तर कठीणपणा. आपो म्हणजे पाझरणे आणि बांधून ठेवणे. तेजो म्हणजे उष्णता व परिपाक. वायो म्हणजे ताण, आधार व चलन. ही चारही लक्षणे प्रत्येक रूपात एकत्रच असतात. एक वगळून उरलेली तीन कोठेही सापडत नाहीत. दगडातही आपोधातू आहे, अन्यथा त्याचे पीठ झाले असते. आणि पाण्यातही पठवीधातू आहे, अन्यथा त्यावर काही तरंगले नसते. ज्या विसुद्धिमग्गातून हे विवेचन आपल्याला कळते, त्याची देवनागरी आवृत्ती गोमंतकात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सिद्ध केली व ती १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाली, याचे मराठी वाचकांनी स्मरण ठेवावे.

या मांडणीचे वेगळेपण वैशेषिक दर्शनाशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. वैशेषिकांच्या मते पृथ्वी, जल, तेज व वायू यांचे परमाणू जातीनेच वेगळे व नित्य होत. थंड स्पर्श हा जलाचा गुण, गंध हा पृथ्वीचा. थेरवादी आचार्यांनी मात्र थंडपणा हा पाण्याचा गुण मानला नाही. थंडी म्हणजे मंद उष्णताच, म्हणून ती तेजोधातूतच मोडते, असे त्यांनी सांगितले. आणि नदीचा अलीकडचा काठ व पलीकडचा काठ ज्याप्रमाणे पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतात, त्याप्रमाणे शीत व उष्ण हे सापेक्ष होत, असा दृष्टान्त टीकाकारांनी दिला. या विचारातील सूक्ष्मता आजही मन प्रसन्न करते.

आता कठीण वस्तू वितळते कशी, या प्रश्नाकडे वळू. चारही भूते सर्वत्र आहेत, तर लोखंड कठीण व पाणी पातळ का? याचे सर्वास्तिवादी उत्तर वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात आढळते. भूते चारही असतात, पण ज्याचे सामर्थ्य प्रखर तेच जाणवते. सुया आणि पिसे यांना एकदम स्पर्श केला तर सुईच टोचते. सातूच्या पिठात मीठ मिसळले तर जिभेला मीठच कळते. सौत्रान्तिकांचे उत्तर याहून निराळे होते. इतर भूते त्या वस्तूत प्रत्यक्ष नसून बीजरूपाने, म्हणजे शक्यतेच्या रूपाने असतात, आणि योग्य प्रत्यय मिळताच कठीण वस्तू द्रवते. म्हणजे अवस्थांतर हा प्रश्न बौद्ध आचार्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. त्यांनी तो प्रतीत्यसमुत्पादाच्या चौकटीत मांडला : अवस्था हा वस्तूचा स्वभाव नसून प्रत्ययांचे फळ आहे.

कणांची कल्पना या परंपरेत त्यानंतर आली. सुत्तांत ती नाही. रूपकलापाचा सिद्धान्त अट्ठकथा व त्यानंतरच्या वाङ्मयातील आहे, आणि त्याची सुबक मांडणी आचार्य अनुरुद्धांच्या अभिधम्मत्थसंगहात मिळते. सर्वांत साधा कलाप हा अष्टकलाप होय. चार महाभूते आणि वर्ण, गंध, रस व ओज मिळून तो होतो. यातील घटक वेगळे काढता येत नाहीत, कारण ते तुकडे नसून लक्षणे आहेत. सर्वास्तिवाद्यांचा संघात-परमाणूही असाच किमान आठ द्रव्यांचा मानलेला आहे. आजच्या शास्त्रातील अणूला असे गंध व रस नसतात. पुष्कळ रेणू आपल्या इंद्रियांशी संबंधित झाले म्हणजे गंध व रस यांची जाणीव होते. तेव्हा कलाप म्हणजे अणू, हे समीकरण येथेच अडखळते.

परमाणूच्या आकाराविषयी तर अधिकच सावधपणा हवा. विभंगाच्या अट्ठकथेत, म्हणजे सम्मोहविनोदनीत, एक कोष्टक आहे. ३६ परमाणूंचा एक अणू, ३६ अणूंची एक तज्जारी, ३६ तज्जारींचा एक रथरेणू, ३६ रथरेणूंची एक लिक्खा. पुढे ७ लिक्खांची एक ऊ, ७ उवांचे एक धान्य आणि ७ धान्यांचे एक अंगुल. गुणाकार केला असता एका अंगुलात ५७ कोटी ६१ लाख ८ हजार २८८ परमाणू बसतात. अंगुल सुमारे दोन सेंटिमीटर धरल्यास परमाणूचा आकार आजच्या अणूच्या आकाराच्या बराच जवळ येतो, आणि येथेच उत्साही लेखक थांबतात. परंतु ललितविस्तरातील कोष्टक दहा वेळा सातपट करीत जाते आणि तेथे एका अंगुलपर्वात २८ कोटी २४ लाख ७५ हजार २४९ परमाणू येतात. दोन आदरणीय बौद्ध ग्रंथांची उत्तरे अशी भिन्न येतात, कारण दोहोंपैकी कोणीही मोजमाप केलेले नव्हते. त्यांनी गुणाकार केला होता. शब्दसाम्यानेही फसगत होते. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात 'अणू' हा मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि 'रेणू' हा अणूंचा समूह. अट्ठकथेत 'अणू' हा परमाणूच्या ३६ पट आणि 'रथरेणू' म्हणजे रथाच्या चाकाने उडालेली धूळ. शब्द तोच, अर्थ निराळा.

परमाणू एकमेकांस स्पर्श करतात काय, हा वादही बौद्ध परंपरेत गाजला. पूर्णांशाने स्पर्श केला तर ते एकच होतील. अंशाने केला तर त्यांना अंश आहेत असे होईल. म्हणून ते स्पर्श करीतच नाहीत, असे काश्मीरच्या वैभाषिकांनी म्हटले. पुढे विंशतिकेत वसुबंधूंनी सहा दिशांचा प्रश्न विचारून परमाणूची कल्पनाच अडचणीत आणली. सहा बाजूंनी सहा परमाणू जुळले तर मधल्याचे सहा भाग होतात. सर्व एकाच जागी असतील तर त्यांचा पिंड परमाणूएवढाच राहतो. एकाच परंपरेत परमाणूचे मंडन व खंडन दोन्ही झाले, ही तिच्या स्वातंत्र्याची खूण आहे. पण दोन्ही पक्षांचे साधन तर्क हेच होते.

आधुनिक कणसिद्धान्ताचा मार्ग वेगळा आहे. १६६२ साली बॉइलने वायूचा दाब व आकारमान यांचा संबंध मोजून मांडला. १७३८ साली डॅनिएल बर्नुलीने तो दाब भिंतीवर आदळणाऱ्या असंख्य कणांमुळे होतो असे गणिताने दाखविले, आणि पुढील सुमारे शंभर वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली डाल्टनने रासायनिक संयोगांतील वजनांच्या प्रमाणांवरून अणूंचा सिद्धान्त मांडला. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. १९०५ साली आइन्स्टाइनने त्या थरथरीचे गणित दिले आणि पेराँने १९०८ पासूनच्या प्रयोगांत प्रत्यक्ष कण मोजून ते पडताळले. तेव्हा कोठे अणूंविषयी शंका घेणारे बहुतेक शास्त्रज्ञ निरुत्तर झाले.

या सिद्धान्तानुसार स्थायूतील कण आपापल्या जागेभोवती कंप पावतात, द्रवातील कण जवळ राहूनही एकमेकांवरून सरकतात आणि वायूतील कण दूर दूर स्वैर धावतात. पाण्याचा रेणू बर्फात, पाण्यात व वाफेत एकच असतो. बदलते ती त्याची गती आणि मांडणी. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे त्याच तपमानाचे पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. शंभर अंशावरील त्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागते आणि तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. ही उष्णता तपमान वाढवीत नाही. ती कणांमधील बंध सोडविण्यात खर्च होते. स्थायूतील कण या बंधांनी जागच्या जागी जखडलेले असतात, द्रवात ही जखड सैल होते. आपोधातू म्हणजे बंधन, हे खरे धरले तर तिचा जोर पाण्यापेक्षा बर्फातच अधिक मानावा लागेल! अर्थात 'आपो म्हणजे द्रव' हे समीकरण अभिधम्माच्या व्याख्येनेही टिकत नाही आणि भौतिकशास्त्रानेही टिकत नाही. शिवाय अवस्था तीनच आहेत असेही आज कोणी म्हणत नाही. प्लाझ्मा ही चौथी मानली जाते. आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या विचारातून निघालेली अतिशीत अवस्था १९९५ साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत सिद्ध झाली. अवस्थांची संख्या वाढली की महाभूतांची संख्याही आपण वाढविणार काय?

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. पुराणांतील विमाने व अस्त्रे ही प्राचीन विज्ञानाची साक्ष होय, असे कोणी म्हटले म्हणजे आपण पुरावा मागतो, आणि ते योग्यच आहे. तोच पुरावा अट्ठकथांनाही मागितला पाहिजे. कालामांना दिलेल्या उपदेशात, पिटकात आहे एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नये, हेही आलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार करताना चार महाभूतांचा व ऊर्जा नष्ट न होण्याच्या तत्त्वाचा आधार घेतला आहे. तेथेही त्यांची दिशा ग्रंथातून विज्ञान काढण्याची नसून, विवेकाला जे पटेल तेच बुद्धवचन मानण्याची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मग या प्राचीन विश्लेषणाचे मोल कशात आहे? आमच्या मते ते या गोष्टीत आहे की त्याने पदार्थातून पावित्र्य काढून टाकले. ज्या देशात पाणी एकाच्या स्पर्शाने बाटते आणि दुसऱ्याच्या मंत्राने शुद्ध होते असे मानले गेले, तेथे सारिपुत्तांनी सांगितले की शरीरातील धातू व शरीराबाहेरील धातू एकच आहेत. त्यांत ब्राह्मणाची आपोधातू व चांडाळाची आपोधातू असा भेद नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. महाडचा लढा मानवी हक्काचा होता. त्याला अभिधम्माच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. पण त्या घागरींमागील समजूत किती निराधार होती, हे धातुविचार पूर्वीच दाखवीत होता, आणि पाण्याचा रेणू सर्वांच्या ओंजळीत सारखाच असतो हे रसायनशास्त्र आज मोजून सांगते. दोघांचे मार्ग निराळे आहेत. ते एकच आहेत असे म्हटल्याने दोघांचाही मान वाढत नाही.

म्हणून आमचे अभ्यासकांना एवढेच सांगणे आहे की, धम्मसंगणी धम्मसंगणी म्हणून वाचावी आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत शिकावे. आपल्या मुलामुलींनी दोन्ही शिकावीत. तथागतांचा मोठेपणा अणूच्या शोधावर अवलंबून नाही. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे त्यांनी ज्या निर्भय रीतीने सांगितले, त्यावर तो उभा आहे.