हरवलेल्या कट्यारीची जागा

कट्यार हा शब्द आज बहुतेकांना भेटतो तो नाटकातून. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले आणि शब्द घरोघरी पोचला. वस्तू मात्र त्याच्या पुष्कळ आधीच घरांतून निघून गेली होती. आज कुणी आपल्या पूर्वजांच्या कट्यारीविषयी बोलू लागले, की आधी नीट विचारून घ्यावे लागते: कट्यार म्हणजे कट्यारच, की खंजीर, की बिचवा, की नुसती मोठी सुरी?

कट्यार ओळखायची ती मुठीवरून. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीला दोन समांतर पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक किंवा दोन आडव्या दांड्या. दांडी मुठीत धरली की पाते बोटांच्या पेरांपुढे सरळ निघते. वार करायचा तो ठोसा मारल्यासारखा, सगळ्या खांद्याचे बळ मागे लावून. हे शस्त्र जुने आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात हिंडला तेव्हा ग्वाल्हेरकडच्या अलापूरच्या अंमलदाराची हकीकत त्याने लिहून ठेवली. हा अंमलदार घोड्यासकट धान्याच्या पेवात पडला आणि एका गावकऱ्याने त्याला ‘कत्तारा’ने मारले. कत्तारा म्हणजे काय, हेही तो सांगतो: नांगराच्या फाळासारखे लोखंड, ज्यात हात घातला की कोपरापर्यंतचा भाग झाकला जातो. मोगल दरबारात याच घराण्यातल्या शस्त्राला जमधर म्हणत. ‘ऐन-ए-अकबरी’तल्या शस्त्रांच्या यादीत ते आहे. मराठीतला ‘जमदाड’ हा शब्द त्याचाच भाऊ. मुळात यमाची दाढ.

हे सगळे पुन्हा चाळायची वेळ माझ्यावर आली ती एका घरामुळे. पुण्यातल्या नारायण पेठेतले घर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्यात यांचे देवघर बुडाले. देव सापडले, समया सापडल्या, कट्यार सापडली नाही. तिचा फोटो नाही. उरली ती वाटणीच्या यादीतली एक ओळ, आणि त्या ओळीत पाते फिरंगी असल्याचा उल्लेख. पुरानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला घरच्या आजींनी पाटावरच्या रिकाम्या जागी घरातली विळी धुऊन ठेवली आणि हळदकुंकू वाहिले. तेव्हापासून तिथे विळीच पुजली जाते. आता घरातल्या तरुण मुलाला तिथे पुन्हा कट्यार यावी असे वाटते, आणि तो एक कट्यार घेऊनही आला. ती दाखवताना त्याच्या आईने मला हळूच विचारले, “भाऊ, ही आमची म्हणून पुजली तर चालेल का हो?”

प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी थोडे लांब जावे लागते.

मुलाने आणलेली कट्यार देखणी होती. मुठीवर सोनेरी वेलबुट्टी, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, लाल मखमलीचे म्यान. विकणाऱ्याने ‘शिवकालीन’ म्हणून दिली होती. वेलबुट्टीचे काम म्हणजे कोफ्तगिरी: पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा ओरखडून त्यांत सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवायची. ही कला आजही उदयपुरात जिवंत आहे आणि फार सुंदर आहे, पण तिचा आपल्या देवघराशी संबंध लावता येत नाही. कट्यारीला राजस्थानात मोठा मान होता. बुंदीच्या कट्यारी तर प्रसिद्धच. एकोणिसाव्या शतकात कट्यारी अंगावर वागवणे कमी होऊ लागले तसे कारागीर प्रदर्शनांसाठी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी घडवू लागले. मूठ दाबली की पाते कात्रीसारखे फाकून आत दुसरे पाते दिसते, दोन्ही बाजूंना पिस्तुलाच्या नळ्या बसवल्या आहेत, अशा चमत्कारिक कट्यारी जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. त्यांतल्या पुष्कळ याच काळातल्या. कट्यार लढाईतून निघाल्यावर नटली, असे म्हणायला हरकत नाही.

दख्खनच्या आणि दक्षिणेच्या जुन्या कट्यारींचा तोंडवळा वेगळा. विजयनगर आणि तंजावरकडच्या कट्यारींना हाताच्या पाठीवर शिडासारखे वळलेले, जाळीदार पोलादी पान असते. सोने जवळजवळ नाहीच. शोभा असते ती पोलाद कापण्यात आणि कोरण्यात. आणि पाते? इथेच गंमत आहे. तंजावरच्या शस्त्रागारातल्या अनेक कट्यारींची पाती युरोपातली आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या गावांतली तलवारीची पाती पोर्तुगीजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागत. सरळ, लांब, लवचीक पाती. त्यांना इथे मुठी बसल्या की त्याच फिरंगी तलवारी. तलवारीचे पाते मोडले तर त्याचा चांगला तुकडा कापून, तासून, रिव्हेट मारून कट्यारीला बसवत. पुष्कळ पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असते. ती मूळची पासाउच्या कारखान्यांची. नाव झाल्यावर सोलिंगेनवाल्यांनी उचलली. म्हणजे नक्कल तिकडेही होतीच.

म्हणून वाटणीच्या यादीतला ‘फिरंगी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. नारायण पेठेतली ती हरवलेली कट्यारही बहुधा जोडलेली होती: मूठ इथली, पाते तिकडचे. घराण्यातली वस्तू म्हणून आपण ज्याला अखंड समजतो, ते पूर्वजांनी गरजेप्रमाणे बदलत आणलेले असते. पाते झिजले की नवे, दांडी सैल झाली की नवी, म्यान तर दर पिढीला. यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. सार्वजनिक उदाहरण हवे तर १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून भेट गेलेली तलवार घ्या. शिवाजी महाराजांची म्हणून ती गाजली. तिचेही पाते युरोपीय बनावटीचे आहे.

देशी पोलाद नव्हते म्हणून परकी पाती घेतली, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मातीच्या मुशीत लोखंड बंद करून ते वितळवत आणि सावकाश थंड करत. त्यातून निघणाऱ्या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का असे. ते कौशल्याने घडवले की पात्यावर पाण्याच्या लहरींसारखा पोत आपोआप उमटे. त्याला जौहर म्हणत. १८२०च्या दशकात डॉ. व्हॉयसी कोनासमुद्रमला गेला तेव्हा इस्फहानचा एक व्यापारी तिथे पोलाद खरेदी करताना त्याला भेटला. त्याआधी १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडले होते. जॉर्ज पिअर्सनने १७९५ साली त्यांच्यावर निबंध वाचला, आणि स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने त्यातून लेखण्या तासायची सुरी घडवली. पुढे हाच स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे त्या पोलादाच्या मागे लागले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, हे इथे आठवते.

युरोपीय पोलाद स्वस्त आणि मुबलक झाले, जंगलांवर सरकारी बंधने आली, शस्त्रांची मागणी आटली. मुशी एकोणिसाव्या शतकातच थंडावल्या. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून जी लहरदार पाती मिळतात ती दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकावर एक ठोकून, आम्लात बुडवून केलेली असतात. नारायण पेठेतल्या मुलाने आणलेले पाते याच जातीचे. काम वाईट नाही. पण त्याला जुने म्हणणे ही फसवणूक आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आळशी फसवणूक आहे.

कट्यार घरांतून गेली कशी? १८५७च्या उठावानंतर लगेच शस्त्रांवर कायदा आला, १८६०मध्ये दुसरा, आणि १८७८च्या लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणे परवान्याखाली गेले. घरांनी काही दिली, काही विहिरीत टाकली, काही माळ्यावर गुंडाळून ठेवली. तंजावरची गोष्ट मोठी आहे. १८५५ साली तिथले भोसले राजे शिवाजी पुत्र नसताना वारले आणि कंपनी सरकारने राजवाड्यातली मालमत्ता ताब्यात घेतली. नायकांच्या काळापासून साठलेल्या त्या शस्त्रागारातला मोठा भाग मोडीत गेला. निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयात पोचले. मोडीत! ज्या कट्यारी आज परदेशी संग्रहालये काचेत ठेवतात, त्यांच्या कित्येक बहिणी भंगाराच्या भावाने वितळल्या. पुढे १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घरे जळाली, त्यांतही काय काय गेले याची यादी कुणी केलेली नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठे नुकसान मला दुसरे दिसते. कट्यार हरवणे हे पूर्वीही घडतच असेल. लढाईत, प्रवासात, चोरीत. तेव्हा माणूस शिकलगाराकडे जाई. शिकलगार म्हणजे पाती घासणारा, पाजळणारा, त्यांना धार लावणारा. तो आणि लोहार मिळून दुसरी उभी करत आणि पुढच्या खंडेनवमीला तीच घरची होई. कंबरेला कट्यार खोचायचे बंद झाले आणि हा धंदा संपला. आज शिकलगार हे आडनाव महाराष्ट्रभर आहे, नांदेडला शिकलीगर शिखांची वस्ती आहे. हातात काम मात्र बहुधा सुऱ्याकात्र्यांना धार लावण्याचे किंवा अगदीच वेगळे.

कोडगूत असे झाले नाही, म्हणून ते उदाहरण उपयोगी आहे. कोडवांना १८६१ साली शस्त्र कायद्यातून सूट मिळाली ती आजतागायत चालू आहे. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तिथे लग्नात नवरदेवाच्या कंबरेला चांदीने मढवलेली ‘पीचे कत्ती’ आजही असते आणि ‘कैलपोळ्द’ या सणाला शस्त्रे पुजली जातात. एखाद्या कोडव घरातली पीचे कत्ती हरवली तर दुःख होईल, पण नवी करून देणारा माणूस मिळेल, आणि ती नवी कुणाला नकली वाटणार नाही. आपल्याकडे फक्त शस्त्र गेले असते तर निभावले असते. शस्त्र नवे करून देणारा गेला.

तेव्हा नारायण पेठेतल्या घराला मी काय सांगितले? पहिली गोष्ट कायद्याची. भारतीय शस्त्र कायदा १९५९चा आहे. घरकाम, शेती, कारखाना अशा कामांसाठी नसलेले पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांत मोडते, आणि सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या भागात त्याला परवाना लागतो. कट्यारीचे पाते मुळाशी सहज २ इंचांहून रुंद भरते. म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारावे. वस्तू खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. ती परदेशात नेता येत नाही, आणि विकणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. जुन्या बाजारातल्या पथारीवर असला परवाना विचारून पाहा. संभाषण लगेच संपते.

दुसरी गोष्ट निवडीची. सोनेरी कट्यार परत करावी. मिळालीच तर साधी, बिनसोन्याची, वापरलेली घ्यावी; मुठीच्या दांड्या हाताने झिजलेल्या, पात्याला मधोमध उंच शीर, टोक चिलखत भेदण्यासाठी जाड ठेवलेले. नाही मिळाली तर चांगल्या लोहाराकडून नवी करून घ्यावी आणि तिला नवीच म्हणावे. आमच्या पणजोबांनी मोडक्या जर्मन तलवारीला देशी मूठ लावून घेतली असेल, तर पणतूने उदयपूरच्या किंवा नांदेडच्या कारागिराकडून घडवून घेण्यात परंपरा मोडत नाही. मोडते ती ‘शिवकालीन’ या शब्दाने.

याबाबतीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे वागणे मला आदर्श वाटते. जुलै २०२४मध्ये तिथली वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. ती ग्रँट डफकडे होती, आणि अफझलखानाला मारले ती हीच, असे त्यांच्या पेटीवर लिहिलेले आहे. संग्रहालयाने ती पाठवताना स्वच्छ सांगितले की हीच ती, हे सिद्ध करता येत नाही. तरीही लोक दर्शनाला गेले.

मुलाच्या आईला हे पटले. सोनेरी कट्यार परत गेली; विकणाऱ्याने अर्धेच पैसे दिले. साधी अजून मिळालेली नाही. ती येईल त्या दिवशी म्यानाबरोबर ठेवण्यासाठी एक चिठ्ठी मात्र तयार झाली आहे: मूळ कट्यार पाते फिरंगी, १९६१च्या पुरात गेली; ही अमुक साली अमुक ठिकाणाहून घेतली. मखमलीचे म्यान दमट हवेत ओल धरते आणि पाते आतून खाते, म्हणून पात्याला तेलाचा हात लावून ते एरवी कापडात गुंडाळून ठेवावे, हेही मी तिच्यात लिहायला लावले. आणि आईंनी स्वतःच्या अक्षरात शेवटी एक ओळ घातली, की विळी पाटावरून उचलायची नाही.