कोणत्या किताबात, कोणत्या पानावर

आमच्या मोहल्ल्यातील एक खाला एका रविवारी सकाळी घरी आल्या. वडिलांचे इंतकाल झालेले, आई हयात, एक भाऊ आणि दोघी बहिणी. वडिलांचे जुन्या शहरातले घर भावाच्या ताब्यात. खाला म्हणाल्या, "सर, भाई बोलता है किताब में बेटियों का कुछ नहीं है. तुम तो पढ़े हुए हो. किताब में देख के बताओ ना."

हिशेब तर फळ्यावर मांडण्याइतका सोपा होता. घराचे बत्तीस भाग केले की आईचे चार, भावाचे चौदा आणि दोघी बहिणींचे सात-सात. सातवीच्या मुलालाही तो करता येईल. पण खालांनी हिशेब विचारलाच नव्हता. त्यांनी किताब विचारली होती. कोणती किताब, या एका प्रश्नामागे आम्ही पुढचे काही महिने हिंडलो.

पहिल्यांदा आम्ही एका वकील मित्राकडे गेलो. त्यांनी टेबलावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ पुढे सरकवला आणि म्हणाले, "मुल्लामध्ये आहे." कबूल करायला शरम वाटते, पण बी.एड. होऊन इतकी वर्षे शिकवल्यानंतरही आमचा समज असा होता की हे मुल्ला म्हणजे कोणी मोठे मौलवीसाहेब असावेत. प्रत्यक्षात सर दिनशा फरदुनजी मुल्ला (१८६८-१९३४) हे मुंबईचे पारशी कायदेपंडित. पुढे ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवरही गेले. मुसलमानी कायद्याची तत्त्वे सांगणारा त्यांचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाला, आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. भारताचे सरन्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला यांनीही त्याच्या काही आवृत्त्या संपादित केल्या. ग्रंथाची मांडणी कायद्यासारखी क्रमांकवार. त्यामुळे लोक 'मुल्लाचे अमुक कलम' म्हणतात, जणू ते विधिमंडळाने मंजूर केले आहे. ते कोणी मंजूर केलेले नाही. ती एका हुशार वकिलाने वकिलांसाठी केलेली टिपणे आहेत, आणि ती उत्तम आहेत.

मित्राच्या कचेरीत बसून आम्ही तळटीपा चाळल्या. मुख्य मजकूर इंग्रजीत ठाम बोलतो, पण खाली बारीक टाइपात हेदाया, बेली अशी नावे येतात. म्हणजे मुल्लासाहेब आपला आधार लपवत नाहीत. लपतो तो वापरणाऱ्याच्या घाईत. त्या बारीक टाइपाच्या मागे मागे गेले की माणूस थेट आमच्या शहरापाशी येतो. या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधीचे नाव ज्याच्यावरून पडले होते तो बादशहा इथून जवळ खुलताबादला उघड्या कबरीत पडून आहे. त्याच्याबद्दल भले-बुरे बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्या वादात आम्ही इथे पडत नाही. त्याने करवून घेतलेल्या एका ग्रंथाबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण खालांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

फतावा-ए-आलमगिरी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. कामाचे प्रमुख शेख निजाम, आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरचे. त्यांच्या हाताखाली आलिमांची एक मंडळीच बसवली होती आणि शाही कुतुबखान्यातील ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवले होते. अडचण अशी होती की हनफी फिकहच्या शेकडो किताबांत मते विखुरलेली, एकमेकांना छेद देणारी. काजीने निवाडा करायचा तर पाहायचे कुठे? म्हणून विषयवार प्रकरणे पाडून ही मते एका जागी आणली गेली. ग्रंथ अरबीत आहे. अरब देशांत त्याला फतावा-ए-हिंदिया म्हणतात. १८२८ ते १८३५ या काळात कलकत्त्यात तो सहा खंडांत छापला गेला.

आम्हाला यातली थोरवी दिसली ती एका अगदी बारीक गोष्टीत. जवळपास प्रत्येक मसल्याच्या शेवटी एक छोटे वाक्य येते: 'कजा फिल हिदाया', 'कजा फिल मुहीत'. म्हणजे हिदायात असे आहे, मुहीतमध्ये असे आहे. नुसता निर्णय नाही, त्याच्या शेजारी त्याचा पत्ता. मंडळी इथेही थांबली नाही. प्रस्तावनेत सांगितले आहे की मूळ किताबातले शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर 'कजा' लिहिले आहे, आणि गरजेपोटी शब्द बदलावे लागले असतील तर 'हाकजा'. एका 'हा'मध्ये एवढा प्रामाणिकपणा! आमच्या शाळेत निबंध उतरवून आणणाऱ्या मुलांना (आणि टाचणवही उतरवणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही) हे शिकवायला हवे. या ग्रंथात कायदा आहे आणि कायद्याच्या किताबांची सूचीही आहे. फक्त ती शेवटी एकत्र न देता ओळीओळीत पेरली आहे.

मग इंग्रज आले. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत ठरले की वारसा, विवाह अशा बाबींत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. पण न्यायाधीशाला अरबी येत नव्हती. म्हणून बाराव्या शतकातल्या मरगिनानींच्या हिदायाचे आधी मौलवींकडून फारसी करवून घेतले आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये इंग्रजी केले. अरबीतून फारसीत, फारसीतून इंग्रजीत. दोनदा गाळलेले पाणी. गंमत म्हणजे हिदायात वारसाहक्काचे प्रकरणच नाही. ती उणीव भरायला विल्यम जोन्सने १७९२ मध्ये सिराजिया इंग्रजीत आणला. खालांचा भाऊ जर फक्त हिदाया उघडून बसला असता, तर "किताब में नहीं है" हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरले असते!

तोवर अदालतीत न्यायाधीशाच्या मदतीला मौलवी बसत. १८६४ च्या कायद्याने ही पदे रद्द झाली. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, नील बेलीने मुख्यतः फतावा-ए-आलमगिरीवरून केलेला इंग्रजी सारग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्हाला ही दोन साले शेजारीशेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. माणूस उठला आणि त्याच्या खुर्चीवर किताब बसली. मौलवीला उलट विचारता येत होते, "हजरत, हे कुठे लिहिले आहे? दुसऱ्या इमामांचे मत काय?" किताब छापील तेवढेच बोलते. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तर बजावले की हिदायासारख्या ग्रंथांतील स्पष्ट निर्णयाच्या विरुद्ध न्यायालयांनी कुराणाचा आपला स्वतंत्र अर्थ लावू नये. वाद घालून वाढलेली विद्या अशी गोठत गेली, आणि मुल्लासाहेबांनी आपला ग्रंथ रचला तो या गोठलेल्या सामग्रीवर.

दुसरी वाटही होती, आणि ती मुंबईतच होती. असफ फैजी (१८९९-१९८१) १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्याची रूपरेषा सांगणारा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये आला. ते अरबीचे पंडित, त्यामुळे मूळ ग्रंथांशी थेट बोलत आणि न्यायालयाचे चुकले तर तसेही लिहीत. त्याच महाविद्यालयात त्यांच्या आधी पांडुरंग वामन काणे शिकवून गेले होते. 'व्यवहारमयूख' या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहायला बसलेले काणे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून उठले. त्याचा १९३० मधला पहिला खंड ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचाच आहे, शेवटी वर्णानुक्रमे सूची. हिंदू कायद्याचा अभ्यासक आजही आधी ती उघडतो. फतावाच्या मंडळींनी ओळीओळीत केले ते काणेंनी एकट्याने खंडभर केले.

हे सारे पंडितांपुरते राहिले असते तर आम्ही लिहिले नसते. पण २००२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात, लातूरच्या एका प्रकरणात, पूर्णपीठाने सांगितले की तलाक दिला असे नवऱ्याने नुसते म्हणून भागत नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, उच्चार, सारे न्यायालयात शाबीत करावे लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या एका प्रकरणात पाठ्यग्रंथांतले दाखले आले, की लेखी जबाबात जुन्या तलाकचा उल्लेख केला तरी तलाक होतो. न्यायालयाने ते मानले नाही. आधी कुराणात काय आहे ते पाहिले. कितीतरी बायकांचे संसार छापील पानाच्या एका वाक्यावर टांगलेले होते, आणि ते वाक्य कुठून आले हे विचारायला इतकी वर्षे लागली. एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला तो २०१७ मध्ये.

आमच्या शहराची अडचण आणखी वेगळी. निजामी अमलात इथल्या अदालतीचा कारभार उर्दूत चाले. १९४८ नंतर तो गेला. आता घरातले जुने कागद उर्दूत, वकिलाची किताब इंग्रजीत आणि अर्ज मराठीत. खालांच्या वडिलांचा खरेदीखताचा कागद वाचायला वकील मित्राने आम्हालाच बसवले.

शेवटी आम्ही एका मदरशात गेलो. तिथे फतावाचा उर्दू तर्जुमा होता, मौलाना सय्यद अमीर अलींचा, जो लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने काढला होता. वारसाहक्काचा भाग अगदी अखेरीस आहे. मौलवीसाहेबांनी खालांच्या भावाला बोलावून घेतले. आम्ही बत्तीस भागांचा कागद पुढे ठेवला. त्याने तो पाहिलाही नाही. मौलवीसाहेबांनी शेवटची जिल्द उघडली, बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सफा नंबर लिख के दो."

आम्ही लिहून दिला.