ट्रायथलॉनच्या सायकलला गिअर शिफ्टर कोणता घ्यावा?

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे असा तिचा हिशेब. ९० किमीतला बराच वेळ कोपरं एरोबारवर टेकवून, पुढे वाकून जातो. म्हणून शिफ्टर घेताना ब्रँडच्या आधी एकच बघायचं: गिअर बदलायचा असेल तेव्हा हात कुठे असेल?

साध्या रोड बाईकवर ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. शिमानोने ही सोय १९९० मध्ये आणली. अशा सायकलला वरून एरोबार जोडले, तर प्रत्येक गिअरला कोपर उचलून हात लिव्हरवर न्यावा लागतो. वेळ थोडा जातो, पण बसण्याची ठेवण मोडते. तरीही पहिल्याच स्पर्धेला उतरणाऱ्याने यावर वेगळा खर्च करू नये. तेच पैसे सायकलचं माप नीट बसवून घेण्यात घालावेत.

खास ट्रायथलॉन बाईकवर जुना, भरवशाचा पर्याय म्हणजे एरोबारच्या टोकाला बसणारा बार-एंड शिफ्टर. छोटी दांडी, वर-खाली केली की केबल ओढली जाते. स्वस्त, हलका, आणि गावातला मेकॅनिकही दुरुस्त करू शकेल असा. अडचण चढाला आणि वळणाला येते. बेळगावहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट घ्या. तिथे हात बेस बारवर, ब्रेकजवळच हवेत आणि गिअर मात्र पुढे एरोबारच्या टोकाला! उतारावर वळण घेताना एक हात ब्रेकवरून काढणं धोक्याचंच. त्यामुळे वळणाच्या आधीच गिअर हलका करून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

इलेक्ट्रॉनिक शिफ्टरचा खरा फायदा इथेच आहे. बटणं एरोबारवरही बसतात आणि ब्रेकजवळही. स्रॅमच्या पद्धतीत उजवं बटण गिअर जड करतं, डावं हलका, आणि दोन्ही एकदम दाबली की पुढची चेन दुसऱ्या चकतीवर जाते. शिमानोच्या डीआय२ मध्ये चार्ज संपत आला की आधी पुढचा डिरेल्युअर थांबतो, मागचा आणखी थोडा वेळ चालतो. म्हणजे घरी पोचता येतं, पण आदल्या रात्री चार्जिंग तपासणं चुकवून चालत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबादहून सायकल बॉक्समध्ये घालून नेणाऱ्यांना वायरलेस सोयीचं पडतं, कारण हँडल सुटं करताना गिअरच्या केबल आड येत नाहीत. किंमत मात्र बार-एंडच्या कितीतरी पट. दरवर्षी दोन-तीन स्पर्धा करणाऱ्यालाच हा खर्च परवडेल.

(गंमत म्हणजे १९८७ साली सुरू झालेल्या स्रॅमची पहिली वस्तू ग्रिप शिफ्ट, म्हणजे मूठ फिरवून गिअर बदलायचा शिफ्टर. फ्रेमवरच्या शिफ्टरपर्यंत हात नेण्याचा त्रास टाळायला तो निघाला.)

सेकंडहँड बार-एंड घेताना मागच्या गिअरची संख्या जुळते का ते आधी बघा. १० गिअरचा शिफ्टर ११ च्या कॅसेटवर नीट चालत नाही. शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅमचा मागचा डिरेल्युअर अशी जोडीही बहुतेक वेळा जमत नाही, कारण दोघांची केबल ओढण्याची मापं वेगळी. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी केबल आणि तिचं बाहेरचं आवरण दोन्ही नवीनच घालावं. खाऱ्या हवेने आत गंज धरला की चांगला शिफ्टरही अडकतो.